आद्याचार्य श्रीनागदेवभट : क्रोधाचे शमन आणि स्मरणाचा ओलावा

शके ११९६ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्या वेळी त्यांच्यामागे राहिलेला भक्तसमुदाय कोणत्या मनःस्थितीत असेल, याचा विचार आपण क्वचित करतो. आपण स्वामींच्या वियोगाचे दुःख वर्णितो. परंतु त्या दुःखाशेजारी आणखी एक विकार बसलेला असला पाहिजे, याकडे लक्ष जात नाही. पैठणच्या सभेत काय घडले, हे त्या भक्तांस ठाऊक होते. देवगिरीच्या राज्यातील सर्वांत बलाढ्य अधिकारी हेमाद्री हा प्रतिकूल होता. चतुर्वर्गचिंतामणीसारख्या व्रतवैकल्यांच्या महाग्रंथाचा हा कर्ता. ज्या आचारधर्माची त्याने एवढ्या परिश्रमाने मांडणी केली, त्या आचारधर्माचे बंधन न मानणारा हा नवा मार्ग त्यास सहन होण्यासारखा नव्हता. ज्या विद्वानांनी स्वामींच्या चरणी माथा ठेवला होता, त्यांतील सारंगपंडितांसारखे काही जण प्रसंगी भयाने मागे सरले. अशा वेळी अनुयायांच्या अंतःकरणात क्रोध उत्पन्न होण्यास जेवढे कारण हवे, तेवढे सर्व कारण तेथे होते. जगातील अनेक पंथ अशाच जखमेतून निघाले आणि पुढे त्या जखमेचीच पूजा करीत राहिले. परमार्गाचे तसे झाले नाही. त्याचे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते, ते श्रीनागदेवभट, ज्यांना मार्गात भटोबास या प्रेमळ नावाने ओळखतात.

भटोबासांचे घर हे भक्तीची ओढ असलेले घर होते. त्यांची आई आबाइसा आणि बहीण उमाइसा या दोघी लीळाचरित्राच्या वाचकांस सुपरिचित आहेत. महदाइसा, जिचे मूळ नाव रूपाइसा, ही त्यांची चुलतबहीण. ही सर्व मंडळी प्रथम रामदेव दादोस यांच्या सांगण्यात होती आणि त्यांच्याद्वारेच त्यांना स्वामींची वार्ता कळली. पुढे या मंडळींचा ओढा स्वामींकडे वळला, तेव्हा दादोसांच्या मनात अढी निर्माण झाली. हा भाग चरित्रकार बहुधा ओझरता सांगून पुढे जातात. परंतु भटोबासांच्या घडणीत त्याला स्थान आहे. मत्सराचा पहिला अनुभव त्यांना परक्याकडून आला नाही. ज्यास गुरू मानले होते, त्याच्याच ठिकाणी तो दिसला. आणि क्रोधाचे असे आहे की शत्रूवरील क्रोध एक वेळ काळाने विझतो, पण आपल्या माणसावरचा क्रोध राखेखाली धुमसत राहतो.

स्वामींच्या सहवासात भटोबासांनी जे पाहिले, ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही; लीळाचरित्राचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध त्यानेच भरलेले आहेत. मात्र एक लीळा येथे आठवली पाहिजे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली शिरला. मागोमाग कुत्री आली, पारधी आले आणि त्यांनी आपले सावज मागितले. स्वामींनी शरण आलेल्यास दिले नाही. पण पारध्यांनाही धिक्कारले नाही. निरपराध जिवास का मारावे, एवढे त्यांना समजावून सांगितले, आणि त्या मंडळींनी आपली मागणी सोडली. नंतर स्वामींनी जानू उचलून त्या सशास एखाद्या थोर पुरुषास निरोप द्यावा तशा सन्मानाने जाऊ दिले. ही लीळा सांगताना उपदेशकांचा सर्व भर सशावर असतो आणि ते योग्यच आहे. पण पारध्यांचे काय झाले, हेही पाहावे. ते अपमानित होऊन परतले नाहीत. त्यांच्या हातून हिंसा टळली आणि त्यांचा मानही राहिला. बलिष्ठापासून दुर्बळाचे रक्षण करावे आणि त्यात बलिष्ठाविषयीही मन आंबू देऊ नये, ही गोष्ट भटोबासांनी स्वामींच्या ठायी पाहिली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले, त्याचा उगम येथे शोधावा लागतो.

स्वामींच्या गमनानंतर त्यांच्या आज्ञेप्रमाणे भटोबास आणि इतर भक्त ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेले. आज अमरावती जिल्ह्यात असलेले हे गाव. तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. त्या काळी ते एक साधे खेडे होते आणि श्रीप्रभू त्या खेड्याचे माय-बाप होते. श्रीप्रभूंच्या लीळा अटपट. ते क्षणात प्रसन्न होत, क्षणात रागेजत. शिव्याही देत, काठीही उगारीत. आणि दुसऱ्याच क्षणी कोणा अडलेल्या स्त्रीच्या दारी जाऊन उभे राहत. मातंगांच्या वस्तीत ते मोकळेपणाने वावरत. त्या लोकांस पाणी नव्हते, तेव्हा श्रीप्रभूंच्या कृपेने त्यांना विहिरीचे पाणी लाभल्याची लीळा ऋद्धिपूरचरित्रात आहे.

या सेवेत भटोबासांनी सुमारे चौदा वर्षे काढली. ही चौदा वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्याची खरी पाठशाळा होय. ज्याचा स्वामी नुकताच दृष्टीआड झाला आहे, ज्याच्या मनात पैठणची सभा ताजी आहे, अशा माणसास नियतीने अशा ठिकाणी आणून ठेवले की जेथे दररोज कोणीतरी रागेजतो आणि त्या रागेजण्यात द्वेषाचा लवलेश नसतो. श्रीप्रभूंचा कोप हा प्रसाद आहे, असे भक्त मानीत. त्याचा अर्थ केवळ भाबडेपणाचा नाही. कोप आणि द्वेष या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे ज्यास रोज डोळ्यांनी पाहावयास मिळते, त्याचे स्वतःचे अंतःकरण हळूहळू निवळू लागते. कोप येतो आणि जातो. द्वेषास मात्र घर लागते, आणि ते घर स्मरणाने बांधले जाते.

या ठिकाणी थोडे थांबावे लागेल, कारण भटोबासांच्या चरित्राचे मर्म येथे आहे. क्रोध म्हणजे काय, याचा विचार केला तर असे दिसते की क्रोध हेही एक स्मरणच आहे. ज्याने अपराध केला त्याचे मुख डोळ्यांपुढे येते, त्याचे शब्द कानात घुमतात, त्याने हात कसा उगारला, कोण कोण पाहत होते, आपण काय बोलावयास हवे होते, हे सर्व पुनःपुन्हा मनात फिरते. जेवताना, चालताना, निजताना फिरते. परमार्गात नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांच्या स्मरणाचा जो विधी सांगितला आहे, त्याची सर्व अंगे क्रोधात उपस्थित असतात. केवळ स्मरणाचा विषय बदललेला असतो. रागावलेला मनुष्य आपल्या वैऱ्याचे नाम घेतो, त्याची मूर्ती पाहतो, त्याच्या लीळा आठवतो, त्याच्या चेष्टांचा विचार करतो. एवढ्या एकाग्रतेने परमेश्वराचे स्मरण करणारा साधक विरळा. म्हणून क्रोध नुसता दाबून जात नाही. दाबलेल्या क्रोधाचे स्मरण आत चालूच राहते. हृदयात त्या जागी दुसरी मूर्ती आणून बसवावी लागते. आचारप्रकरणातील अहिंसेच्या सूत्रांकडे या दृष्टीने पाहिले, तर ती केवळ हात आवरण्याची सूत्रे राहत नाहीत. हात आवरणे हे शेवटचे काम. त्यापूर्वी पुष्कळ वेळ मनात काही चाललेले असते.

आणि हे काही भिक्षुंपुरतेच नव्हे. जतच्या माळरानासारख्या अवर्षणाच्या टापूत, जेथे पाऊस हात राखून पडतो, तेथे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून किंवा शेताच्या बांधावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो आणि तो अबोला मुलांच्या पिढीलाही वारशाने मिळतो. भांडण झाले तो दिवस एकच असतो. पुढची वीस वर्षे त्या दिवसाचे पारायण चालते. वासनिकाने सकाळी स्मरणास बसावे आणि डोळे मिटताच समोर भाऊ उभा राहावा, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी स्वतःस दोष देत बसण्यापेक्षा, अमुक एक लीळा नेमकेपणाने, स्थानासह, प्रसंगासह, स्वामी कोठे बसले होते, कोण आले, काय विचारले, अशी पायरी-पायरीने हृदयात आणावी. त्या लीळेतील दया मग त्या भावाच्या मुखापर्यंत पोहोचण्यास वाट मिळते. भटोबासांनी हेच केले, आणि ते एका माणसापुरते न ठेवता सर्व मार्गापुरते केले.

शके १२०९ च्या सुमारास (इ. स. १२८७) श्रीप्रभूंनीही देह ठेवला. आता सन्निधान उरले नाही. भटोबासांवर दुसऱ्यांदा वियोगाची कुऱ्हाड कोसळली. या काळात ते सदैव आत वळलेले असत. भोवतालच्या मंडळींस वाटे की हे दुःखाने ग्रासले आहेत. पण म्हाइंभटांची दृष्टी सूक्ष्म होती. सराळ्याचा हा विद्वान, एके काळी विद्येच्या गर्वाने स्वामींशी वाद घालण्यास डोमेग्रामास गेलेला आणि तेथे गर्व टाकून परतलेला. त्यास माणसाच्या अंतर्मुखतेचे प्रकार कळत होते. भटोबास दुःखाने मूढ नाहीत, ते काहीतरी आठवीत आहेत, हे त्यांनी ताडले आणि विचारले. उत्तर मिळाले ते असे की स्वामींच्या लीळांचे स्मरण चालले आहे. त्यावर म्हाइंभटांनी त्या लीळा लिहून ठेवण्याची कल्पना मांडली आणि भटोबासांनी ती मान्य केली. मराठी भाषेतील आद्य गद्यचरित्राचा जन्म हा असा एका माणसाच्या मौनाची चौकशी करण्यातून झाला.

म्हाइंभटांनी पुढे गावोगाव हिंडून, ज्या ज्या भक्तास जी लीळा ठाऊक होती ती त्याच्याकडून मिळविली आणि ऋद्धिपुरास वाजेश्वरीच्या स्थानी बसून ग्रंथ सिद्ध केला. शोधनास भटोबास होते. या ग्रंथाकडे एका विशिष्ट प्रश्नाने पाहावे. ज्यांच्या स्वामींचा छळ झाला, अशा लोकांनी तो ग्रंथ लिहिला आहे. त्यात छळाचा वृत्तांत आहे, नावेही आहेत. पण ग्रंथाचे वजन त्यावर पडलेले नाही. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांतून जे पानोपानी भेटते, ते स्वामींचे चालणे, बसणे, भिक्षान्न, पूजाअवसर, कोणा म्हातारीचा प्रश्न, कोणा पोराचे रडणे, वाटेतले झाड, नदीचा उतार. म्हणजे भटोबासांच्या हृदयात जे फिरत होते, ते हे होते. पैठणची सभा त्यांनी विसरली नाही. तिला तिच्या जागी ठेवले.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात यावी. लीळाचरित्रात ठिकठिकाणी शोध आणि वासना नोंदविलेल्या आहेत. एकच लीळा एकाने एका प्रकारे सांगितली, दुसऱ्याने थोड्या वेगळ्या प्रकारे. तर दोन्ही ठेवून दिल्या. पाठभेदांची ही काळजी पाहून आजचे संशोधक कौतुक करतात. पण ती केवळ ग्रंथरचनेची पद्धती नव्हती. गुरूच्या पश्चात शिष्यांत पहिले भांडण जुंपते ते आठवणींवरूनच: माझे खरे, तुझे खोटे. त्या भांडणास या ग्रंथाने आरंभीच जागा ठेवली नाही. दुसऱ्याची आठवण खोडून काढली नाही, तर तो दुखावत नाही. आणि जो दुखावत नाही, तो वेगळी चूल मांडण्यास उठत नाही. पुढील शतकांत मार्गात आम्नाय झाले, मतभेद झाले, हे खरे. तरी लीळाचरित्र सर्वांचे राहिले.

आचार्यपदाच्या काळात भटोबास केवळ सौम्य होते, असे कोणी समजू नये. केशिराजव्यास आणि दामोदरपंडित हे दोघे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा भटोबासांनी त्यांना स्पष्ट सांगितले की तुमची ती भाषा आपणास कळत नाही. स्वामींनी मराठीत निरूपण केले, त्याच भाषेत विचारा. ज्या केशिराजांनी रत्नमालास्तोत्र संस्कृतात रचिले होते, त्यांना पुढे संस्कृतात ग्रंथ करण्यापासून भटोबासांनी परावृत्त केले. त्यामुळे मार्गातील म्हाताऱ्या स्त्रिया नागवल्या जातील, हे कारण दिले. या बोलण्यास धार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती धार कोणासाठी होती? स्वतःच्या मानासाठी नव्हती. आबाइसा, उमाइसा, महदाइसा आणि त्यांच्यासारख्या कितीतरी स्त्रिया ज्या भाषेतून स्वामींना भेटल्या होत्या, ती वाट बंद होऊ नये, एवढ्यासाठी होती. सशावर जानू झाकणे आणि म्हाताऱ्यांसाठी मराठी राखणे या दोन कृतींत फारसे अंतर नाही. आणि ज्यांना असे सुनावले, ते केशिराज दुरावले नाहीत. स्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ आणि एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ हे दोन्ही त्यांच्याच हातून मराठीत सिद्ध झाले.

नरेंद्रकवीची गोष्ट येथे जोडून पाहण्यासारखी आहे. रुक्मिणीस्वयंवर हे त्याचे काव्य शके १२१४ चे (इ. स. १२९२) मानतात. ते घेऊन तो रामदेवराव यादवाच्या सभेत गेला. राजास काव्य इतके आवडले की ते आपल्या नावावर करून द्यावे, त्याचे द्रव्य घ्यावे, अशी त्याने इच्छा दर्शविली. कवीने ते मानले नाही. ग्रंथ राजाकडे राहिला आणि कवीच्या हाती जेवढ्या ओव्या राहिल्या तेवढ्याच आपल्यापर्यंत आल्या; आज उपलब्ध असलेल्या ओव्यांची संख्या ८७९ आहे. आपल्या आयुष्याची कमाई राजाने अर्ध्यावर ठेवून घेतली, हा केवढा घाव! असा घायाळ कवी पुढे भटोबासांपाशी आला आणि शिष्य झाला. ज्या दारी तो आला, तेथे बसलेल्या पुरुषाचा घाव त्याहून मोठा होता आणि त्याच राजसत्तेच्या कारभाऱ्याकडून झालेला होता. दोघांनी एकमेकांच्या जखमा चाळवत दिवस काढले असते, तरी नवल नव्हते. तसे काही झालेले परंपरेस ठाऊक नाही. नरेंद्र अनुसरला, त्याने आपली कविता मागे ठेवली आणि तो स्मरणास लागला.

महदाइसेविषयी भटोबासांच्या मनात मोठा आदर होता. ती प्रश्न विचारण्यात कधी थकली नाही. स्वामींना तिने विचारले, श्रीप्रभूंची तिने सेवा केली, त्यांच्या विवाहाच्या लीळेत धवळे रचून मराठीतील पहिली कवयित्री झाली आणि भटोबासांच्या आचार्यपदाखाली लहान बहिणीसारखी नव्हे, तर धर्म सांभाळणाऱ्या ज्येष्ठ सोबतिणीसारखी राहिली. तिचे, म्हाइंभटांचे आणि इतर जुन्या भक्तांचे बोलणे, रुसणे, चुका, शंका हे सर्व स्मृतिस्थळात आले आहे. या ग्रंथाचे विशेष असे की त्यात कोणी पुतळ्यासारखा नाही. भटोबासही नाहीत. त्यात ते शोक करतात, सुनावतात, समजूत काढतात, आणि बहुतेक ठिकाणी ऐकून घेताना दिसतात.

चौदाव्या शतकाच्या आरंभी भटोबासांचा देहान्त झाला. तोवर उत्तरेकडील सैन्ये देवगिरीपर्यंत येऊन गेली होती आणि यादवांचे राज्य शेवटच्या घटका मोजीत होते. मार्गाची धुरा बाइदेवबासांकडे आणि त्यांच्यानंतर कवीश्वर भास्करभट बोरीकरांकडे गेली. त्या धामधुमीत एका धाडीत मूळ लीळाचरित्राची पोथी नाहीशी झाली. एवढ्या कष्टाने लिहून ठेवलेले गेले, आणि जे मुळात स्मरण होते ते पुन्हा स्मरणातच राहिले. हिराइसेस त्या लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या आणि इतरांच्या आठवणीतून, पाठापाठाने, कोणाचे काय स्मरते ते नोंदवीत ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेच्या पाठाचे नाव आजही अभ्यासक घेतात.